शेजारच्या खणाचं नाव

कोटवाल्या शिंप्यानं बटणांची पुडी परत आणून काउंटरवर ठेवली, त्या दिवशी वहिनी कुणाशी धड बोलल्या नाहीत. शिंपी भांडला असता तर बरं झालं असतं. तो भांडला नाही. बँडवाल्यांचे काळे कोट होते. त्यानं आपल्या पिवळ्या दिव्याखाली बसून बटणं टाकली आणि कोट देऊन टाकले. बँडवाले उजेडात ओळीनं उभे राहिले तेव्हा दिसलं, की बटणं काळी नाहीत, गडद निळी आहेत. त्यानं एकेक बटण उसवलं, पुडी बांधली, आणून ठेवली आणि "असू द्या, होतं असं" म्हणून निघून गेला. तेव्हापासून तो दुकानाची पायरी चढला नाही. पलीकडच्या बाजूनं मान खाली घालून जायचा. वहिनींना तो जाताना दिसत नसे, पण त्याच्या चपलेची घसट त्या ओळखत.

वहिनींच्या डोळ्यांतलं मधलं चित्र पुसत चाललं होतं. कडेकडेचं दिसे. दार कुठं, माणूस कुठं, काउंटर कुठं संपतो, एवढं कळे. पण जिथं नजर लावावी तिथंच धुकं. डॉक्टरांनी सांगून टाकलं होतं, गेलं ते परत यायचं नाही, आहे ते सांभाळा.

आता दुकान म्हणजे भिंतभर लाकडी खण. बटणं, हूक, टिचबटणं, पिना, चेनी, लेस, इलॅस्टिक, रिळं. प्रत्येक खणाच्या तोंडावर आतल्या मालाचा एकेक नमुना शिवून लावलेला. नमुन्यावरून बोट फिरवलं की वहिनींना कळे, हा हूक, ही चेन. बोटांना आकार कळतो. रंग कळत नाही. आणि कोटाच्या बटणांची अख्खी ओळ एकाच आकाराची होती, चार भोकांची. पांढरी, काळी, गडद निळी, तपकिरी, राखाडी. तिथं वहिनी डावीकडून मोजत जायच्या. शिंपी घाईत होता, बँडवाल्यांची गंमत सांगत होता, त्याच्याशी हसता हसता वहिनींची मोजणी एका घरानं हुकली. एवढंच झालं होतं.

पण एवढं पुरे होतं. वहिनींचा मुलगा, ज्याला घरात सगळे अजून दादू म्हणत, तो येऊन बसला. दादू वाईट नव्हता. आई पडेल, आईला कुणी फसवेल, या काळजीनं त्याचे केस वेळेआधी पिकले होते. शेजारच्या चपलवाल्याशी त्यानं बोलणंही करून ठेवलं होतं. चपलवाल्याला दुकान वाढवायचंच होतं. मधली भिंत पाडायची, खण काढून टाकायचे, पुढल्या महिन्यापासून त्याचं राज्य. आणि आई दादूकडे राहायला. आईनं आता आराम करावा, असं तो अगदी मनापासून म्हणाला. वहिनींनी मुलासमोर हो म्हटलं नाही, नाहीही म्हटलं नाही.

तो गेल्यावर त्या नणंदेला म्हणाल्या, "वन्सं, मला खुर्चीत बसवणार आहेत. खिडकीशी. उजेड छान येतो म्हणाला."

"तुम्हाला खिडकीच्या उजेडाचं काय लोणचं घालायचंय?" नणंद, म्हणजे दादूची आत्या, म्हणाली.

वहिनी हसल्या. त्या दिवसातलं ते पहिलं हसू. पण हसताना त्यांचा हात काउंटरच्या कडेवरून फिरत होता, जिथं लाकूड त्यांच्याच मनगटानं झिजून गुळगुळीत झालं होतं. आत्यानं ते पाहिलं आणि तिच्या मनानं घेतलं. हे दुकान जाऊ द्यायचं नाही.

दादूची ही आत्या, वहिनींच्या नवऱ्याची धाकटी बहीण. भाऊ गेल्यापासून नणंद-भावजय दुकानाच्या वरच्या दोन खोल्यांत एकत्र राहत होत्या आणि एकमेकींना टोमणे मारल्याशिवाय दोघींनाही अन्न गोड लागत नसे. आत्या उभा जन्म रेडिओच्या कारखान्यात होती. शेवटच्या टेबलावर. तयार झालेला सेट तिच्या हाताखालून जायचा आणि जरा कुठं खरखर, कुठं डाग, कुठं सैल तार दिसली की ती तो मागं लोटायची. बाकीच्या बाया तिला वैतागायच्या. कारखाना सुटला तरी हात गप्प बसेनात. मग तिनं घरातच खेळ मांडला. कुंडीतली माती सुकली की कुंडी चिडून पीं करायची. पाण्याची टाकी भरली की शिट्टी वाजायची. दाराच्या घंटीतून कोंबडा आरवायचा, त्यामुळे पोस्टमन दरवेळी एक पाऊल मागं सरकायचा. घरात तिला ठिणगी म्हणत, कारण लहानपणी तिनं प्लगमध्ये हेअरपिन घातली होती.

त्या कोंबड्यावरूनच तिला सुचलं. घंटीच्या पोटात आवाज वाजवणारा एक छोटा मॉड्यूल होता. पोस्टाच्या तिकिटाएवढा. त्यात नखाएवढं कार्ड घालायचं, कार्डात आवाज साठवायचे, आणि त्याला सांगायचं, पहिला वाजव, तिसरा वाजव. तो वाजवतो. घंटी आरवू शकते, तर खण आपलं नाव का सांगू नये?

वहिनींना तिनं बेत सांगितला तेव्हा त्यांना तो थट्टेचाच वाटला. दादूनं फोनमध्ये रंग ओळखणारं काहीतरी आधी घालून दिलंच होतं. एका हातात फोन, एका हातात बटण, आणि फोन दुकानाच्या ट्यूबलाईटखाली प्रत्येक बटणाला राखाडी म्हणायचा. त्यात गिऱ्हाईक उभं. आत्यानं समजावलं, की यात हातात काही धरायचं नाही. खण ओढायचा, खण बोलेल. रोज ओढता तसाच ओढायचा.

"आणि बोलला नाही तर?"

"तर मी आहे ना त्याचे कान उपटायला."

प्रत्येक खणाच्या मागं तिनं एक चुंबक चिकटवलं आणि भिंतीला समोरासमोर काचेची एक बारीक कळ. खण बंद असेपर्यंत कळ गप्प. खण ओढला, चुंबक लांब गेलं, की कळ सुटते आणि मधल्या छोट्या सर्किट बोर्डला कळतं, अमुक नंबरचा खण उघडला. बोर्ड मॉड्यूलला नंबर सांगतो, मॉड्यूल तो आवाज वाजवतो. सांगायला दोन वाक्यं लागतात. करायला नाकी नऊ आले. तिचे हात पूर्वीसारखे राहिले नव्हते. डाग देताना सोल्डरिंगचं टोक थरथरे. मग तिनं टॉवेलची घडी करून कोपर त्यावर टेकवलं, श्वास रोखला, आणि श्वास सुटायच्या आत डाग बसवायचा, असा नेम धरला. पहिला मॉड्यूल तिनं उलट्या तारा लावून जाळला. वास आला, बारीक धूर आला. वहिनी खालून ओरडल्या, काय करपलं? आत्यानं खिडकी उघडली आणि सांगितलं, काही नाही, शिकते आहे.

सुटे भाग विकणाऱ्याकडे ती दुसरा घ्यायला गेली. पोरगेला माणूस होता, दाढी राखलेला, तोंडानं सारखं काहीतरी सांगत असायचा. "आजी, नातवाचं प्रोजेक्ट का?" त्यानं विचारलं. आत्याचं डोकं फिरलं. नातवाचं नाही, माझ्या वहिनींचं, असं तिनं ठासून सांगितलं. त्यानं जीभ चावली आणि मग भरपाई म्हणून जे माहीत होतं ते सगळं सांगून टाकलं. बोलताना खरखर आली तर मधल्या तारेत एक रोधक, म्हणजे रेझिस्टर, टाका. स्पीकर फार मोठा लावू नका. आणि हा मॉड्यूल नाव बघत नाही हं, कार्डात जो आधी शिरला तो त्याचा पहिला. यातलं शेवटचं आत्याच्या एका कानातून शिरलं आणि दुसऱ्यानं निघून गेलं, कारण ती अजून 'आजी' या शब्दावर अडून बसली होती.

खरखर आलीच. रोधक टाकला, खरखर गेली. स्पीकर पत्र्याच्या डब्यात बसवला तर आवाज नळातून आल्यासारखा यायचा. मग वहिनींच्या जुन्या शिलाई मशीनचं लाकडी झाकण तिनं घेतलं, त्याला भोकं पाडली आणि ते काउंटरच्या वर टांगलं. आता आवाज माणसाचा वाटू लागला.

दादू मधे एकदा आला आणि तारांचं जाळं बघून कपाळाला हात लावून बसला. आत्याची त्याला मायाही होती आणि धाकही होता, त्यामुळे तो शब्द जपून वापरत होता. म्हणाला, की हे सगळं ठीक आहे, पण आत्या रोज आईच्या पाठीशी उभी राहणार असेल तर दुकान आई चालवतेय असं होत नाही. त्यापेक्षा एक दिवस ठरवू. आई एकटी काउंटरवर. आत्या बाकावर बसेल, पण आत येणार नाही आणि तोंडातून अक्षर काढणार नाही. आणि त्या कोटवाल्या शिंप्याला मी स्वतः बोलावून आणीन. त्याला बरोबर माल मिळाला तर मी चपलवाल्याला नाही म्हणून सांगतो.

"आणि नाही मिळाला तर?" वहिनींनी विचारलं.

"तर आई, तू माझ्याबरोबर चल. हट्ट करू नको."

वहिनींनी मान हलवली. आत्यानंही हलवली. बाहेरून दोघी शांत, आतून दोघींचा जीव टांगणीला.

आता आवाज कुणाचा, हा प्रश्न निघाला. आत्यानं आपल्याच आवाजात सगळी नावं बोलून ठेवली होती, कारखान्यातल्या घोषणेसारखी, स्वच्छ. वहिनींनी पहिलाच खण ओढला, ऐकलं आणि खण परत ढकलला.

"दिवसभर माझ्याच दुकानात मी नणंदेची आज्ञा ऐकायची?"

"मग तुम्ही बोला."

"बोलतेच."

दुपारी दुकान बंद करून वहिनी काउंटरमागच्या स्टुलावर बसल्या आणि पदर सारखा करून, जणू फोटो काढायचा आहे अशा थाटात, एकेक नाव बोलल्या. पांढरी, चार भोकांची. काळी, चार भोकांची. एक बोलून झालं की आत्या ते लगेच कार्डात टाकायची, मग पुढचं. दुपार संपली तेव्हा कार्ड भरलं. खण ओढून बघितले, प्रत्येक खण वहिनींच्या आवाजात आपलं नाव बरोबर सांगत होता. वहिनी उगीचच लेसचा खण दोनदा उघडून बसल्या. आपलाच आवाज आपल्याला सांगतोय, याची त्यांना मौज वाटली.

एवढ्यावर थांबायला हवं होतं. पण सगळ्यात पहिल्या आवाजात, 'पांढरी' आणि 'चार भोकांची' यांच्या मधे, रस्त्यावरून जाणाऱ्या स्कूटरचा भोंगा शिरला होता. पाँ. वहिनी म्हणाल्या राहू द्या. आत्याही राहू दे म्हणाली. पण तिच्यातली शेवटच्या टेबलावरची बाई राहू देईना. डाग असलेला माल आपल्या हातून पुढं गेला, हे तिला रात्रभर टोचत राहिलं. सकाळी चहाच्या आधीच तिनं वहिनींकडून ते एक नाव पुन्हा बोलवून घेतलं. मग सगळं नीटनेटकं व्हावं म्हणून कार्ड पुसून कोरं केलं, कालचे बाकीचे आवाज त्यात ओळीनं घातले आणि सगळ्यात शेवटी हा नवा, बिनभोंग्याचा आवाज घातला. त्याला नाव दिलं, एक. कॉम्प्युटरवर वाजवून बघितला. काचेसारखा स्वच्छ.

कार्ड घेऊन ती खाली आली तेव्हा दादू शटर वर करत होता, आज ठरलेला दिवस होता. आत्यानं कार्ड मॉड्यूलमध्ये सरकवलं. एक खण ओढून बघावा, असं मनात आलं. पण दादू समोर उभा, हात बांधून. त्याच्यासमोर तपासणी करायची म्हणजे आपल्याच कामावर आपला भरवसा नाही, हे दाखवणं. तिनं हात झटकले आणि बाकावर जाऊन बसली.

पहिलं गिऱ्हाईक पडदे शिवणारी बाई होती. तिला हूक हवे होते. वहिनींनी खणांच्या नमुन्यांवरून बोटं फिरवली, हूक लागला, खण ओढला.

"टिचबटणं," वरून वहिनींचाच आवाज म्हणाला.

वहिनींचा हात खणात तसाच थांबला. बोटांनी हूक चाचपले, उलटसुलट केले. मग त्यांनी शेजारचा खण ओढला.

"पिना."

वहिनींनी त्यातही बोटं घातली आणि बराच वेळ तशीच ठेवली.

आत्याला एकदम सगळं लख्ख दिसलं. दाढीवाला सांगत होता ते. हा मॉड्यूल नाव बघत नाही, आधी शिरलेला तो पहिला. काल एकेक आवाज बोलला तसा कार्डात गेला, म्हणून क्रम आपोआप बरोबर लागला होता. आज 'एक' नावाचा आवाज शेवटी शिरला. म्हणजे दुसरा झाला पहिला, तिसरा झाला दुसरा, आणि अख्खी भिंत एकेक घर पुढं सरकली. प्रत्येक खण आपल्या शेजाऱ्याचं नाव सांगणार होता. दिवसभर. आणि कोटाच्या ओळीत काळ्या बटणांचा खण म्हणणार होता, गडद निळी.

ती अर्धवट उठली. दादूनं तिच्याकडे बघितलं. नुसतं बघितलं. ती बसली. दोन्ही हात तिनं मांड्यांखाली दाबून धरले, कारण ते हात आपोआप काउंटरकडे गेले असते. बोलली तर ठरलेलं मोडलं, दुकान गेलं. न बोलली तर वहिनी भलतीच बटणं देणार, दुकान गेलं. उभ्या जन्मात तिनं खराब सेट मागं लोटले होते, आणि आज तिनं स्वतःच्या हातानं बिघडवलेला एक सेट भिंतीएवढा होऊन तिच्यासमोर उभा होता, नि तिला बोटही लावायची चोरी होती.

"काय हो, काय झालं?" पडदेवाल्या बाईनं विचारलं.

"काही नाही," वहिनी म्हणाल्या. "आमच्या खणांचं आपसात काहीतरी चाललंय." आणि त्यांनी मोजून हूक पुडीत बांधले.

मग इलॅस्टिक मागणारा एक जण आला, लेस बघणाऱ्या दोघी येऊन न घेताच गेल्या, रिळं घेणारी एक म्हातारी आली. तिला हिरवा दोरा हवा होता. वहिनींनी रिळांच्या ओळीत एक खण ओढला, ऐकला, ढकलला, दुसरा ओढला. कुठलं रीळ दिलं ते आत्याला बाकावरून दिसलं नाही, मधे म्हातारीची पाठ होती. वहिनींना दोनच खण बिघडलेत असं वाटत असेल का? की सगळेच? आणि कुठल्या बाजूला सरकलेत, हे त्या कशावरून ओळखणार?

दादू बाहेर गेला आणि शिंप्याला घेऊन आला. चपलेची घसट पायरीशी थांबली, जरा घुटमळली, मग वर चढली. वहिनींनी मान वर केली.

"या," त्या म्हणाल्या.

"काळी द्या," शिंपी म्हणाला. "कोटाची. चार भोकांची." मग, "बऱ्या आहात ना?"

"बरी आहे. तुम्ही पलीकडून जाता रोज, ते ऐकते मी."

शिंप्याच्या खांद्यावर काळं कापड होतं, त्याचं टोक तो उगाच चुरगळत राहिला.

वहिनींचा हात कोटाच्या ओळीवर गेला. या वेळी त्यांनी मोजलं नाही. मधलाच एक खण ओढला.

"तपकिरी, चार भोकांची."

ढकलला. त्याच्या डावीकडचा ओढला.

"गडद निळी, चार भोकांची."

आणि त्यांनी त्याच खणात हात घातला आणि मूठभर बटणं काढून काउंटरवर ठेवली.

शिंप्यानं पुढं केलेला हात मागं घेतला. दादू पुढं सरकला. त्याचा चेहरा रागाचा नव्हता, रडवेला होता, आणि आत्याला तेच जास्त लागलं. "आई," तो हळू म्हणाला, "तो निळ्याचा खण आहे. तो स्वतःच सांगतोय."

"तो शेजाऱ्याचं नाव सांगतोय," वहिनी म्हणाल्या. "सकाळपासून सगळे तेच करताहेत. बाहेर उजेडात नेऊन बघ."

दादूनं बटणं उचलली आणि पायरीवर गेला. शिंपीही गेला. त्यानं खांद्यावरचं कापड पसरलं आणि त्यावर बटणं ठेवली. दोघं वाकून बघत राहिले. आत्यानं मान लांब केली, पण दोघांच्या पाठी मधे होत्या. मग शिंपी सरळ झाला.

"काळी आहेत," तो म्हणाला. "कापडात हरवताहेत."

दादू आत आला. त्याला पटलं नव्हतं, किंवा पटलं होतं आणि अजून खात्री हवी होती. त्यानं एकेक खण स्वतः ओढायला सुरुवात केली. चेनीचा खण म्हणाला लेस. लेसचा म्हणाला इलॅस्टिक. पिनांचा म्हणाला चेनी. तो ओढत गेला, भिंत बडबडत गेली, आणि एकही खण खरं बोलला नाही. शेवटी दोन्ही हात खाली सोडून तो आईकडे वळला.

"तुला कसं कळलं?"

वहिनींनी हात पदराला पुसले. "बोटांत हूक होते आणि कानात टिचबटणं. पुढचा ओढला, बोटांत टिचबटणं आणि कानात पिना. म्हटलं, दोघंही खोटं बोलताहेत, पण एकाच चालीनं बोलताहेत. मग सोपं झालं. ज्याचं नाव ऐकू येईल त्याच्या आधीचं घर धरायचं. निळी म्हणाला की काळी. आपल्याला काय, खण कुठला ते कळल्याशी कारण." त्यांनी काळ्याचा खण ढकलून बंद केला. "गेल्या वेळी माझी मोजणी चुकली होती. या वेळी त्याची चुकलीय. मी नाही चुकले."

शिंप्यानं बटणं पुडीत बांधून घेतली. मग म्हणाला, "गडद निळीही द्या थोडी. निळ्या कोटांचं काम आलंय."

वहिनींनी खण ओढला. खण म्हणाला, तपकिरी. त्यांनी त्यातली मूठभर दिली, आणि या वेळी कुणी उजेडात नेऊन बघितली नाहीत.

तो गेल्यावर दादू म्हणाला, "आत्या, आता बोल."

आत्याच्या आत इतका वेळ कोंडलेलं सगळं एकदम दाराशी आलं होतं. तिनं सांगितलं, की भोंगा होता, तो पुसायला गेले आणि सगळ्यांचा क्रम बिघडवून ठेवला. कार्ड बसवल्यावर एक खण जरी ओढून बघितला असता तरी कळलं असतं. पण तू समोर होतास.

"म्हणजे माझ्यामुळे?" दादू म्हणाला.

"नाही रे. माझ्या नाकामुळे."

"ते लांब आहेच," वहिनी म्हणाल्या. "आमच्या लग्नात फोटोत सगळ्यांच्या आधी तेच आलंय."

दादू हसला. हसता हसता त्यानं शर्टाच्या बाहीनं डोळे पुसले आणि शेजारी चपलवाल्याकडे गेला. त्याचा आवाज भिंतीतून ऐकू येत होता, शब्द नव्हते कळत. दोघी काही वेळ त्या भिंतीकडे कान लावून बसल्या. मग आत्या उठली, काउंटरची फळी वर केली आणि आत गेली. आता कुणाची मनाई नव्हती.

तिनं कॉम्प्युटर खाली आणला, कार्ड पुसलं आणि एकेक आवाज क्रमानं घालायला घेतला. घाई नाही, एकदम मूठभर नाही. एक शिरला की मगच दुसरा. वहिनी स्टुलावर बसून पुढचं नाव सांगत होत्या, त्यांना भिंत पाठ होती.

"थांबा," पहिल्याच नावाशी वहिनी म्हणाल्या. "हा कुठला घालताय? सकाळचा?"

"हो. स्वच्छ आहे तो."

"मला कालचा हवा. भोंग्यासकट."

आत्यानं मान वर केली.

"वन्सं, पांढरी बटणं सगळ्यात जास्त जातात. दुकानात चार माणसं बोलत असली की शब्द कुठं ऐकू येतो? भोंगा येतो. पाँ झालं की मला कळणार, पांढरी. बाकी काही ऐकायला नको."

आत्यानं कालचा आवाज शोधला. डाग असलेला माल. कारखान्यात तिनं तो डोळे झाकून मागं लोटला असता. तिनं तो घातला. सगळ्यात आधी.

कार्ड मॉड्यूलमध्ये सरकवून तिनं वहिनींकडे बघितलं आणि भिंतीच्या एका टोकापासून सुरुवात केली. खण ओढायचा, ऐकायचं, वहिनींनी आत बोटं घालून मान हलवायची, खण बंद. कोटाच्या ओळीशी ती प्रत्येक बटण दारातल्या उजेडात नेऊन बघत होती. अर्धी भिंत झाली तेव्हा दादू परत आला.

"सांगितलं त्याला," तो म्हणाला. "नाराज झाला जरा. मग विचारत होता, चपलांचे खोकेही असे बोलतील का. नंबर सांगतील का म्हणून."

"सांग त्याला, बोलतील," आत्या खणातून मान न काढता म्हणाली. "पण आधी मला ही भिंत संपवू दे."

आणि तिनं पुढचा खण ओढला.